वरची रेघ

मास्तर लुपेर्सिओंनी शेवटचं पान चिमटीत धरलं, मेलेलं झुरळ धरावं तसं, आणि बाजूच्या ढिगावर सोडून दिलं. मग मांडीवरचं गिटारीसारखं तारवाद्य, आपली विहुएला, उचलून तिच्या पाठीवरून हलकेच रुमाल फिरवला. बिचारीला कुठं लागलं तर नाही ना, हे बघितल्यासारखा.

"झालं?" पाद्री ओसोरिओंनी विचारलं. ते अर्धा तास खुर्चीत चुळबुळत होते.

"माझं झालं," मास्तर म्हणाले. "त्याचं सुरूच झालं नव्हतं."

"म्हणजे कसं आहे म्हणता?"

"दगडांनी भरलेली गाडी आहे, पाद्रीबुवा. एक चाक गायब, बैल झोपलेले, आणि हाकणारा समजतोय की आपण राजाच्या मिरवणुकीत आहोत. तारांच्या सहा जोड्या, आणि सहाही जोड्यांचं आपसात भांडण. मधूनच एखादा सूर बरा लागतो, नाही असं नाही. वेडा माणूससुद्धा दिवसातून एकदा वेळ बरोबर सांगतो. तीस वर्षं हा गृहस्थ दार लावून हे लिहीत बसला होता! मी असतो तर खिडकीही लावून घेतली असती."

खिडकीजवळ ब्रियांदाबाई उभ्या होत्या. घर त्यांचं, आणि पानं त्यांच्या नवऱ्याची. सेब्रियान जाऊन दोन महिने झाले होते. मागं ठेवलं होतं ते एवढंच: विहुएलासाठी लिहिलेली एकच लांबलचक रचना, मोजून वीस पानं. ती छापायच्या खर्चाचा भार उचलायला पाद्रीबुवा तयार होते, फक्त मास्तरांनी एकदा वाजवून ‘चांगली आहे’ म्हणावं, एवढीच अट. राजाचा दरबार तोलेदो सोडून माद्रिदला गेल्याला छत्तीस वर्षं झाली होती. त्याच्या मागोमाग तोलेदोतले बाकीचे विहुएलावालेही गेले होते. पानावरचं वाचून वाजवू शकेल असा गावात आता एकच माणूस उरला होता, आणि तो हा असा.

पाद्रीबुवा उठले. ब्रियांदाबाईंकडं न बघता म्हणाले, "बघू मग. पुढं कधीतरी."

बाईंनी मान हलवली, ढीग उचलला, कडा ठोकून सारख्या केल्या. मास्तरांना ते आवडलं. रडणाऱ्या बायकांचा त्यांना तिटकारा होता. न रडणाऱ्यांचाही होता, पण थोडा कमी.

खरं सांगायचं तर मास्तरांना तिटकारा नाही अशी वस्तू तोलेदोत शोधून सापडली नसती. माद्रिद म्हणजे चिखल. ताहो नदी म्हणजे वाहतं गटार. पण या सगळ्या तिरस्काराच्या डोंगरावर सगळ्यात उंच जागी त्यांनी गिटार बसवली होती. विहुएलेला सहा जोड्या, गिटारीला पाच. "पाचच का, तर वाजवणाऱ्याला पाचाच्या पुढं मोजता येत नाही म्हणून," असं ते सांगत. विहुएला एकेक सूर वेचून वाजवायची. गिटार नुसती खराखरा खाजवायची, खरूज झाल्यासारखी. लोक तर असंही सांगत, की एकदा खालच्या आळीत लग्नाला गिटारी वाजल्या तेव्हा मास्तरांनी कानात मेण ओतून घेतलं, आणि ते काढायला त्यांना न्हाव्याकडं जावं लागलं, आणि न्हाव्याच्या भिंतीवरही गिटार टांगलेली होती. हे खरं असेल असं नाही. पण सांगणाऱ्यानं मेणाचा रंगही सांगितला होता.

सेब्रियानवर त्यांचा राग कशामुळं होता, हे मात्र कुणाला सांगता येत नसे. तो वलेन्सियाकडून आला, इथंच लग्न करून राहिला, आणि तीस वर्षांत एकदाही मास्तरांचा सल्ला घ्यायला आला नाही, एवढाच त्याचा गुन्हा. मास्तर त्याच्या दारावरून जात, पण त्याच्याबद्दल काही माहिती असणं हेच त्यांना कमीपणाचं वाटे.

त्या दिवशी घरी जाताना मास्तरांनी चढाची वाट धरली आणि त्यांना धापही लागली नाही.

*

दहा-बारा दिवसांनी त्यांची दाढ दुखू लागली. तीन दिवस लवंग धरून काढले, चौथ्या दिवशी गाल विहुएलेच्या पाठीसारखा फुगला. तेव्हा रुमालात तोंड गुंडाळून भर सकाळी ते मेल्चोर न्हाव्याच्या दुकानात शिरले.

मेल्चोर चाळिशीतला, ढेरपोट्या, हसऱ्या तोंडाचा. हजामत करी, रक्त काढी, दात उपटी, आणि या तिन्ही कामांच्या मधल्या वेळात भिंतीवरची गिटार उतरवून वाजवी. वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी प्रत्येक न्हाव्याकडं एक गिटार असतेच. याची मात्र स्वतःसाठीच होती.

"या या मास्तर! आज आमचं दुकान पावन झालं. गाल कुठून आणलात एवढा?"

"बडबडू नकोस. उपट."

"चिमटा उकळत्या पाण्यात टाकलाय. जरा दम धरा. तोवर कायतरी वाजवू?"

"मेल्या, मी दाढ काढायला आलोय. कान काढून द्यायला नाही."

"कान फुकट काढून देतो," म्हणत मेल्चोरनं गिटार उतरवली सुद्धा.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले आणि खाजवण्याची वाट बघू लागले. पण खाजवणं आलं नाही. मेल्चोरनं एकच जोडी छेडली, सगळ्यात बारीक, टिपेची. सूर हवेत तसाच राहू दिला. मग त्याच्या खाली दुसरा आला, जिना उतरणाऱ्या माणसाच्या पायांसारखा, आणि दुसऱ्याच्या मागून तिसरा. पहिला सूर अजून विझला नव्हता, तोवर हे दोघं त्याच्याशी बोलू लागले. एक विचारी, दुसरा उलटून तेच विचारी, तिसरा दोघांनाही समजावी. मधेच एका जागी मेल्चोरनं गिटार सोडून तोंडानंच "भूंऽ" केलं.

"हे काय?" मास्तरांनी डोळे न उघडता विचारलं.

"सहावी जोडी नाही ना माझ्याकडं. तिथं खर्ज लागतो. मग तोंडानं देतो."

"आणि हे... हे कुणाचं?"

मेल्चोर हसला. "विचारताय होय! आमच्या सेब्रियानकाकांचं. आजारात सात महिने रोज दाढी करायला जात होतो. दाढी झाली की ते वाजवायचे, मी बघायचो. घरी येऊन यावर बसवायचो. मला वाचता कुठं येतंय. पण मास्तर, तुम्हीच तर म्हणालात ना, दगडांची गाडी आहे म्हणून? सगळ्या गावाला माहीत आहे. मला वाटलं, असेल बुवा. मी पडलो न्हावी."

मेल्चोरनं गळ्याभोवती बांधलेल्या फडक्याखाली मास्तरांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती.

कुठल्याही पोथीचं पहिलं पान ते विसरत नसत. विसरायचं ठरवलं तरी जमत नसे. सेब्रियानचं पहिलं पान त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. पानावर सहा आडव्या रेघा, एकेक रेघ म्हणजे तारांची एकेक जोडी, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं ते. सगळ्या जगात वरची रेघ खर्जाची, खालची टिपेची. वाजवणारा वाद्य मांडीवर घेऊन खाली बघतो, तेव्हा खर्ज वरच असतो, म्हणून. पण वलेन्सियाकडं काही जण उलटं लिहीत. सूर उंच, म्हणून रेघ उंच. मास्तर हे दर वर्षी शिष्यांना सांगत, आणि वर म्हणत, "अशी उलटी पोथी वाचणारा गाढव, आणि लिहिणारा त्याचा बाप."

"पुन्हा वाजव," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

मेल्चोरनं वाजवलं. गुडघ्यावरची बोटं त्याच्या बोटांबरोबर चालली. मोकळी तार, तिसरा पडदा, दुसरा, पुन्हा मोकळी. आकडे तेच होते. एकूण एक तेच. रेघा तेवढ्या खालच्या वर आणि वरच्या खाली.

विहुएलेचं एक आहे. तिच्या जोड्यांमधली अंतरं खर्जाकडून मोजली काय, टिपेकडून मोजली काय, सारखीच भरतात. त्यामुळं पोथी उलटी वाचली तरी काही कानठळ्या बसत नाहीत. शहाणा माणूस तापात बरळावा, तसं होतं. कान उघडे ठेवून वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीवर शंका आली असती. दुसरा कुणी असता, तर मास्तरांनाही आली असती. पण सेब्रियान बरळतोय हे ऐकायला ते तीस वर्षं थांबले होते.

"चिमटा तयार," मेल्चोर म्हणाला. "आ करा."

मास्तर उठले. गळ्यातलं फडकं तसंच ठेवून ते दुकानाबाहेर पडले.

"अहो मास्तर! दाढ!"

*

ब्रियांदाबाईंनी दार उघडलं, पण त्या दारातून बाजूला झाल्या नाहीत.

"ती पानं आहेत ना?" मास्तरांनी विचारलं. सुजलेल्या गालामुळं शब्द ओले येत होते.

"कशाला? अजून काही नावं ठेवायची राहिलीत?"

"आहेत की नाही?"

"अठरा आहेत. काल मठातल्या सिस्टरनी येऊन दोन नेली. बदामाची मिठाई भाजताना ताटात खाली घालायला त्यांना जाड कागद लागतो. उरलेली उद्या नेणार आहेत."

मास्तरांनी चौकटीला हात टेकला. "कुठली दोन?"

"मला काय ठाऊक? मधली. सगळी सारखीच टाकाऊ ना?"

"तुमच्या नवऱ्याचं अक्षर..." मास्तरांनी सुरुवात केली.

"अक्षर?"

"अक्षर म्हणजे... लिहायची पद्धत. अडाणी पद्धत आहे. कुठल्याही समंजस माणसाची..." त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि पुढचं वाक्य गिळलं. दाढेत कळ आली. "वरची रेघ टिपेची होती," ते म्हणाले.

"मग?"

"मी खर्जाची समजलो."

बाईंना रेघांमधलं कळत नव्हतं. तरी त्या हळूच म्हणाल्या, "उलटं वाजवलंत?"

मास्तरांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. एवढ्यावरून काय ते समजायचं.

"सगळं? वीसच्या वीस पानं?"

"मी अर्धवट काम करत नाही," मास्तर म्हणाले.

बाई एकदम मागं वळल्या आणि आतल्या बाकावर बसल्या. बसूनच बोलू लागल्या, आवाज न चढवता. "तुम्ही वाजवत होता तेव्हा मला कळत होतं, हे त्यांचं नाही. तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय मी. पण तुम्ही मास्तर. कागद समोर धरून वाजवत होता. मला वाटलं, कागदावर असंच असेल. म्हणजे घरात मला ऐकवायचं एक, आणि लिहून ठेवायचं दुसरंच, असं करत असतील मेले. की मला काय कळतंय, बायकोच आहे, काहीतरी गोड वाजवलं की झालं. पंधरा दिवस झाले, मी त्यांच्यासाठी मेणबत्ती लावलेली नाही. देवळात गेले, तर त्यांचं नाव घेतलं नाही. मेलेल्या माणसाशी बोलत नव्हते मी, मास्तर. तुमच्यामुळं."

बाहेर कुणीतरी गाढव हाकत खाली गेलं.

"उरलेली पानं द्या," मास्तर म्हणाले. "गेलेली दोन मेल्चोरच्या हातात आहेत. लिहून घेता येतील."

"न्हाव्याकडून? तुम्ही?"

"त्याला वाचता येत नाही. त्याच्या गिटारीवरून." हा शब्द त्यांनी कडू गोळी थुंकावी तसा टाकला.

"आणि पाद्रीबुवांना कोण सांगणार?"

"मी."

"काय सांगाल? अक्षर?"

बाईंनी दिलेली पानं मास्तरांनी काखेत मारली आणि ते चालू लागले.

त्यांनी काय सांगितलं, ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. पाद्री ओसोरिओ म्हणे इतके हसले, की देवघरातल्या दोन समया विझल्या आणि आवाज ऐकून शेजारच्या बोळातली खेचरं जागची हलेनात. समयांचं खरं असेल. पण पाद्रीबुवांनी शब्द पाळला. पानं पूर्ण झाली की छापू, म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी मेल्चोरच्या दुकानाचं दार सताड उघडं होतं. आत जागा नव्हती. ज्यांना दाढीची गरज नव्हती तेही आले होते. एका सोनारानं टोपी उलटी घातली होती. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं फेसातून विचारलं, "मेल्चोर, दाढी वरून खाली करतोस की खालून वर? मास्तरांना विचारून घे बाबा आधी." हशा पिकला. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मांडीवर फळी, फळीवर कागद, शेजारी विहुएला, आणि गालावर जळवा लावलेल्या. मेल्चोरनं सकाळीच दाढ उपटली होती. त्यांनी सहा रेघा ओढल्या आणि टिपेचा पहिला आकडा वरच्या रेघेवर मांडला.

"वाजव," ते म्हणाले. "सावकाश. आणि तोंडानं भूं करू नकोस. खर्ज मला कळतो."

"भूंशिवाय मला पुढचं आठवत नाही, मास्तर."

"मग कर. पण हळू कर."

मेल्चोर एकेक सूर देई, मास्तर विहुएलेवर तो शोधत, आकडा लिहीत. एक पान झालं. लोक कंटाळून कमी झाले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मेल्चोरनं दोन सूर एकदम छेडले, आणि ते एकमेकांवर घासले, दारात दोन माणसं एकाच वेळी शिरावीत तसे.

"चुकलास," मास्तर म्हणाले.

"नाही हो. काका इथं असंच करायचे."

"काकांच्या हाताला कंप असेल. सात महिने आजारी होता. इथं दुसरा पडदा पाहिजे. नियम आहे. कुठल्याही चांगल्या घरातला माणूस इथं दुसराच घेईल."

"मी चांगल्या घरातला नाही," मेल्चोर म्हणाला. "मला तिसराच आठवतोय."

मास्तरांनी दोनचा आकडा लिहिला. ठसठशीत, सुंदर. मेल्चोर पुढं वाजवू लागला, तर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं, विहुएला मांडीवर घेतली आणि आधीच्या ओळीपासून स्वतः वाजवून बघितलं. सूर वर चढत गेले, वळले आणि त्या जागी आले. दुसरा पडदा लागला. सगळं जिथल्या तिथं बसलं. अगदी बरोबर.

तोवर मेल्चोरनं गिटार खाली ठेवून खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला नवा फेस लावला.

मास्तरांनी पुन्हा तीच ओळ घेतली. या वेळी त्या जागी बोट तिसऱ्या पडद्यावर गेलं. सूर घासले, आणि घासून जे दार उघडलं, त्यातून पुढची सगळी ओळ आपोआप बाहेर आली. मास्तरांनी ती अजून लिहिलीही नव्हती. खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट मान वळवून बघू लागलं.

त्यांनी तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला. मग खिशातून कलम तासायचा चाकू काढला आणि कागद उजेडाकडं धरून दोनचा आकडा खरवडायला लागले. हलक्या हातानं, खालचा कागद फाटू नये म्हणून श्वास धरून. भुकटी फुंकून टाकली. त्या जागी तीन लिहिले.

"काय झालं हो मास्तर?" मेल्चोरनं विचारलं.

"शाई सांडली होती," मास्तर म्हणाले. "पुढं वाजव, गाढवा."